निरोप नेमका कुठे अडकला? संज्ञापनाची प्रारूपे कामात कशी आणावीत

इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात मुलांची पाठांतर स्पर्धा ठेवली, सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकली आणि प्रत्यक्षात मोजकीच मुले आली, तर कार्यकर्ते 'हल्ली लोक वाचतच नाहीत' असे म्हणून मोकळे होतात. निरोप तुटण्याच्या जागा अनेक असतात आणि संज्ञापनाचे, म्हणजे निरोप देण्याघेण्याच्या व्यवहाराचे, प्रत्येक प्रारूप (त्या व्यवहाराचा सोपा आराखडा) त्यांपैकी एखाददुसऱ्याच जागेवर बोट ठेवते. म्हणून सर्वांत आधी न आलेल्या चार-पाच घरी फोन करावा आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. 'आम्हाला कळलेच नाही', 'कळले, पण कुठे आणि किती वाजता ते समजले नाही' आणि 'कळले होते हो, पण…' ही तीन उत्तरे तीन निरनिराळ्या दोषांची आहेत.

तपासणीसाठी नेहमीच्या धाटणीची सूचना घेऊ: 'सप्रेम नमस्कार. प्रतिवर्षाप्रमाणे यंदाही बालगोपाळांची पाठांतर स्पर्धा षष्ठीला सायंकाळच्या आरतीनंतर नेहमीच्या जागी होईल. बहुसंख्येने उपस्थित राहावे. कळावे, सचिव.'

प्रथम अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये मांडलेले पाच प्रश्न कागदावर लिहावेत: कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि त्याचा परिणाम काय होतो. आपल्या सूचनेत चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाशी गाडी अडते. सूचना बालगोपाळांच्या नावाने असली तरी ती वाचणार आई किंवा आजोबा; आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहावे' या वाक्यातून वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, हे कळत नाही. मंडळाला हवे असते ते एवढेच, की पालकांनी ठरलेल्या दिवसापर्यंत मुलाचे नाव आणि वय कळवावे. मग तेच लिहावे.

'कळलेच नाही' असे उत्तर आले, तर क्लॉड शॅनन यांच्याकडे वळावे. बेल प्रयोगशाळेतील या गणितज्ञ-अभियंत्याने १९४८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात माहितीचा स्रोत, प्रेषक यंत्र, वाहिनी, ग्राहक यंत्र आणि गंतव्य अशी साखळी असून वाहिनीत बाहेरून शिरणारा व्यत्यय हा तिचा महत्त्वाचा घटक आहे. शॅनन यांचा विषय संकेत अचूक पोहोचवण्याचा होता. संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकीच्या प्रश्नाला कर्तव्य नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. या प्रारूपाला माणसांच्या साऱ्या व्यवहाराचा नकाशा मानण्याची पाठ्यपुस्तकी सवय म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. पोहोच तपासायला मात्र त्याच्याइतके उपयोगी दुसरे प्रारूप नाही. उत्सवाच्या दिवसांत गटावर मोदकांची छायाचित्रे, शुभेच्छा आणि आरत्यांच्या चित्रफिती यांचा पूर येतो आणि सकाळी टाकलेली सूचना दुपारपर्यंत कुठल्या कुठे वर जाते. हाच आपला व्यत्यय. त्यावरचा उपायही याच सिद्धान्तात आहे: पुनरुक्ती. लिखित इंग्रजीत सुमारे निम्मा भाग पुनरुक्तीचा, म्हणजे आजूबाजूच्या अक्षरांवरून ओळखता येणारा असतो, असा शॅनन यांचा अंदाज होता, आणि त्यामुळेच काही अक्षरे गळाली तरी मजकूर लागतो. हे तत्त्व आपल्याला वापरायचे असेल तर तिथी, तारीख आणि वार ही तिन्ही लिहावीत, कारण त्यांपैकी एखादी चुकली तर उरलेल्या दोहोंवरून चूक उघडी पडते. तीच सूचना आदल्या दिवशी पुन्हा पाठवावी आणि मंडपाच्या फळ्यावरही लिहावी.

'कळले, पण कुठे आणि किती वाजता ते समजले नाही' या दुसऱ्या उत्तरापाशी थोडे अधिक थांबावे लागते, कारण मंडळांच्या सूचना सर्वाधिक तिथेच फसतात. संज्ञापनाचे अभ्यासक विल्बर श्रॅम यांनी १९५४ मध्ये असे मांडले, की सांगणारा आणि ऐकणारा यांची अनुभवक्षेत्रे जेवढी एकमेकांवर येतात, तेवढ्याच भागात संदेशाचा अर्थ लागतो. 'नेहमीची जागा' इंदूरच्या रामबागेत जन्म काढलेल्या आजोबांना पक्की ठाऊक असते. नोकरीनिमित्त पुण्याहून येऊन विजयनगरात राहणाऱ्या कुटुंबाला ती ठाऊक असण्याचे कारणच नाही. 'आरतीनंतर' म्हणजे साडेआठ, हे रोज येणाऱ्यालाच माहीत असते, आणि षष्ठी कधी आहे हे दिनदर्शिका पाहिल्याशिवाय सांगू शकणारी नातवंडे आता थोडी. इथे मजकूर अक्षर न गळता पोहोचलेला असतो, तरी निरोप पोहोचलेला नसतो. यासाठी सोपी कसोटी अशी, की मंडळाशी सर्वांत कमी संबंध असलेल्या एका व्यक्तीला सूचना वाचायला द्यावी आणि 'आता तुम्ही कुठे, कधी आणि काय करणार?' एवढेच विचारावे. 'समजले का?' असे विचारू नये. त्याला सगळेच 'हो' म्हणतात. उत्तर जिथे अडखळेल, तिथे पत्ता, घड्याळातली वेळ किंवा संपर्काला माणूस घालावा.

श्रॅम यांच्या या विचाराशी आपल्या रसचर्चेतील साधारणीकरण (कलाकृतीतली भावना सर्वांची होणे) आणि सहृदय (ती भावना जाणणारा रसिक) या कल्पनांची तुलना केली जाते. ती रंजक आहे, पण साधारणीकरण हा रसास्वादाचा विचार आहे आणि स्पर्धेच्या सूचनेवर त्याचा भार टाकण्याचे कारण नाही. डेव्हिड बर्लो यांचे १९६० चे प्रारूप स्रोत, संदेश, माध्यम आणि ग्राहक या चार घटकांचे गुणधर्म मोजून देते. पडताळणीच्या यादीपुरते ते ठीक आहे, मात्र उलट येणाऱ्या प्रतिसादाला त्यात जागा नाही.

गटावर न पाहणाऱ्या घरांसाठी कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये विस्ताराने मांडलेला द्विस्तरीय प्रवाह उपयोगी पडतो. माध्यमांतील मजकुराचा प्रभाव अनेकदा आधी काही जाणत्या, विश्वासाच्या व्यक्तींवर पडतो आणि त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत झिरपतो. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या किंवा भजनी मंडळात पेटी धरणाऱ्या काकूंचे हेच स्थान असते. त्यांना सूचना नुसती पुढे ढकलायला सांगू नये. स्पर्धा कशी होणार, वयोगट कोणते आणि बक्षीस काय, हे आधी बसून नीट सांगावे, कारण घराघरांतले प्रश्न त्यांनाच विचारले जातात.

उरले 'कळले होते हो, पण…' हे उत्तर. वॉट्झलाविक, बीव्हिन आणि जॅक्सन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की प्रत्येक संदेशात आशयाबरोबरच नात्याविषयीचेही काही सांगितलेले असते आणि माणूस गप्प राहिला तरी संज्ञापन थांबत नाही. 'उपस्थित राहावे. कळावे, सचिव.' यातला आशय निरुपद्रवी आहे, पण नाते फर्मान काढणाऱ्याचे आहे. गेल्या वर्षी ज्या मुलीचे नाव बक्षीस समारंभात घ्यायचे राहून गेले, तिच्या घरी ही सूचना कशी वाचली जाईल, याचा विचार करावा. तिथे मजकूर सुधारून भागत नाही. कोणीतरी स्वतः जाऊन 'काकू, गेल्या वेळी आमच्याकडून राहिलं, यंदा तिला नक्की पाठवा' असे म्हणावे लागते. या ठिकाणी काही जण संवादातला ९३ टक्के भाग शब्दांवाचून असतो, हा आकडा सांगतात. तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आला असला तरी ते प्रयोग भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरते मर्यादित होते, तेव्हा सूचनेतले शब्द बिनमहत्त्वाचे ठरवायला तो वापरू नये.

सूचना गेल्यावर येणारी उत्तरे पाहण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. तीन घरांनी एकच शंका विचारली, तर तिघांना वेगवेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा मूळ सूचनेत ती ओळ घालून सूचना नव्याने पाठवावी, आणि जुनी सूचना गटावरून काढून टाकावी.