वसाहतीच्या हस्तांतराचा करार कसा तपासावा

पुदुच्चेरी ही जुनी फ्रेंच वसाहत भारतात कधी आली? बहुतेक जण १९५४ म्हणतील, कायदा १९६२ म्हणतो. असा कुठलाही करार वाचायला घेतलात की पुढच्या क्रमाने जा.

१. ताब्याची आणि मालकीची तारीख वेगळी काढा. फ्रान्सने कारभार सोपवला १ नोव्हेंबर १९५४ ला. करारावर सही २८ मे १९५६ ला झाली, पण फ्रान्सच्याच ताब्यातल्या अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध संपेपर्यंत फ्रेंच संसदेची मंजुरी आली नाही. तो लागू झाला १६ ऑगस्ट १९६२ ला. जमिनीचा कब्जा मिळाला, सातबाऱ्यावर नाव मात्र चढलं नाही, असा प्रकार. मधल्या काळात तिथल्या बस परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. पुदुच्चेरी भारताच्या हद्दीत आहे का, असं न्यायालयाने केंद्र सरकारलाच विचारलं. उत्तर आलं, नाही!

२. देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का, ते पाहा. तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय प्रदेश देता येणार नाही, असं फ्रान्सची १९४६ ची राज्यघटना सांगत होती. बंगालमधल्या चंद्रनगर या फ्रेंच वसाहतीत १९४९ मध्ये थेट सार्वमत झालं. पुदुच्चेरीसाठी मात्र १८ ऑक्टोबर १९५४ ला किळूर गावात १७८ लोकप्रतिनिधींनी मत दिलं, १७० बाजूने. निकाल एकतर्फी असला तरी ही संमती लोकांची की पुढाऱ्यांची, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

३. देणाऱ्याने काय राखून ठेवलं, ते शोधा. चागोस बेटांवर मॉरिशसचं सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये सही केली, पण त्यात यांपैकी दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं आपल्याकडे ठेवण्याची तरतूद आहे.

४. करारच नसेल तर मान्यता शोधा. गोवा १९६१ मध्ये लष्करी कारवाईने मुक्त झाला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

५. नागरिकत्वाची कलमं सावकाश वाचा. घरादारावर परिणाम होतो तो इथे. पुदुच्चेरीत जन्मलेले आणि तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक करार लागू होताच आपोआप भारतीय झाले. फ्रेंच राहायचं तर सहा महिन्यांत लेखी कळवायचं होतं. परदेशात राहणाऱ्यांसाठी नियम उलटा: ते फ्रेंचच राहिले, भारतीय व्हायचं तर अर्ज त्यांनी करायचा. म्हणूनच फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला आजही पुदुच्चेरीत मतदान होतं.