कॅरव्हॅन घेऊन आउटबॅकला निघताना: दोघांनी मिळून करायची तयारी

मेलबर्नहून कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन आउटबॅकमधून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागातून, उत्तरेच्या डार्विनपर्यंत जायचं ठरवलेल्या मराठी जोडप्यांचे मला मार्च-एप्रिलमध्ये फोन येतात. ‘काय काय न्यायचं तेवढं सांगा,’ म्हणतात. मी आधी विचारते, गाडी कोण चालवणार? ‘हेच चालवतील,’ असं उत्तर आलं की माझी यादी तिथूनच सुरू होते. बाई, तुम्हीही शिका. सामान नंतर.

आमच्या पहिल्या प्रवासात साउथ ऑस्ट्रेलियातलं ग्लेंडॅम्बो गाव सोडल्यावर एका विश्रांतीच्या थांब्यावर ह्यांच्या पाठीत अशी उसण भरली की त्यांना स्टिअरिंगमागे बसवेना. ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी सुमारे २५० किलोमीटर, मध्ये ना पंप ना वस्ती. मोबाइलला रेंज नव्हती. मी शहरात पंचवीस वर्षं गाडी चालवलेली, पण मागे अडीच टनांचं घर जोडून एक मीटरही नाही. त्या थांब्यावर क्वीन्सलँडचं एक वयस्कर जोडपं होतं. त्यातल्या सत्तरीच्या बाई म्हणाल्या, आम्ही पुढे चालतो, तू मागून ये. ऐंशीच्या वेगाने त्या पुढे, मी मागे, आणि रेडिओवर त्यांचा आवाज: आता समोरून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) येतेय, दोन्ही हात घट्ट, वेग बदलू नकोस, डावीकडे मातीत उतरू नकोस. कूबर पीडीच्या दवाखान्यापर्यंत अशी पोचले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, पण दर वेळी अशी माणसं भेटतीलच असं धरून कुणी निघू नये.

म्हणून निघायच्या दोन महिने आधी रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात जा आणि दोघांनीही कॅरव्हॅन जोडायला, सोडवायला आणि मागे घ्यायला शिका. मागे घेताना ट्रेलर उलट वळतो. स्टिअरिंग खालून धरलं, की हात जिकडे न्याल तिकडे कॅरव्हॅनची मागची बाजू जाते, एवढी एक गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली. हातांच्या खुणा आधी ठरवा. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने आरशात दिसेल असंच उभं राहायचं, आणि तो दिसेनासा झाला की चालवणाऱ्याने थांबायचं. संध्याकाळी दमून पोचल्यावर नवराबायकोत जी भांडणं होतात त्यातली निम्मी इथेच वाचतात.

आता वजन. याकडे आपली माणसं सर्रास दुर्लक्ष करतात, आणि मला काळजी वाटते ती याचीच. कॅरव्हॅनच्या पाटीवर एटीएम म्हणून आकडा असतो, तो सामानासकट कमाल वजनाचा. समजा तो २,५०० किलो आहे आणि रिकामी कॅरव्हॅन २,०५० किलोची. हातात ४५० किलो उरले, बरेच वाटतात. पण ८० लिटरच्या दोन टाक्या पाण्याने भरल्या की १६० किलो गेले. ९ किलोचे दोन गॅस सिलिंडर भरले की आणखी १८. मग मागाहून बसवलेली चांदणी (सावलीसाठी बाहेर ताणायचं छत), जादा बॅटरी, खुर्च्या, अवजारं, भांडी. शिवाय हिचवर, म्हणजे गाडी आणि कॅरव्हॅनच्या जोडावर, येणारा भार, जो साधारण कॅरव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्के असावा म्हणतात, तो तुमच्या गाडीच्या वजनात धरावा लागतो. हे सगळं अंदाजाने करू नका. पाण्यासकट, कपड्यांसकट पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. आपल्याकडे उसाची ट्रॉली नेतात तशीच. आम्ही पहिल्यांदा नेली तेव्हा १४० किलो जास्त भरले. मी घरी येऊन बिडाचा तवा, दोन मोठी पातेली आणि पुस्तकांचं खोकं काढून ठेवलं, ह्यांनी दुसरा जनरेटर.

जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि खाली ठेवा. मागच्या टोकाला वजन गेलं की कॅरव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक जोरात मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डावरच्या कंट्रोलरने फक्त कॅरव्हॅनचा ब्रेक हाताने लावा. ते बटण कुठे आहे हे दोघांनाही डोळे मिटून सापडलं पाहिजे.

टायर नवे दिसतात म्हणून फसू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅरव्हॅन वर्षभर दारात उभी राहते, नक्षी झिजत नाही, पण रबर जुनं होतंच. चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. बेअरिंग तपासून घ्या आणि स्टेपनी प्रत्यक्ष बदलून बघा. दोघांनीही.

निघायचा मुहूर्त मेच्या शेवटी. नोव्हेंबर ते एप्रिल उत्तरेत पावसाळा, नद्या रस्त्यावर येतात. जूनमध्ये डार्विनला तीस अंश आणि आभाळ निरभ्र, पण मधल्या वाळवंटात रात्री पारा शून्याखाली जातो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला सकाळी आमची पाण्याची नळी गोठून काठीसारखी झाली होती. तेव्हापासून रात्री ती रिकामी करून ठेवतो. आईच्या हातची गोधडी मी वजनातून कधीच वगळत नाही. बाकी कपडे कमीच न्या.

पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटर आहे. जॉन मॅकडुअल स्टुअर्टने १८६१-६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तर किनारा गाठला, त्याचं नाव या रस्त्याला आहे. आज पूर्ण डांबरी आहे, पण इंधनाचा हिशेब विसरू नका. एरवी शंभर किलोमीटरला दहा लिटर खाणारी गाडी कॅरव्हॅन ओढताना अठरा खाते, समोरून वारा असला तर जास्तच. ८० लिटरच्या टाकीत ४४० किलोमीटर, तेही पार कोरडी होईपर्यंत. म्हणून अर्धी टाकी झाली आणि रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचा पंप आणि खानावळ, दिसलं की भरा, चार सेंट महाग असलं तरी. याच हायवेवरच्या एर्लडंडाहून उलुरू या प्रचंड लाल खडकाकडे वळाल तर त्याजवळचं मुक्कामाचं गाव युलारा आणखी २४५ किलोमीटर. तिथली जागा शाळांच्या सुट्ट्यांत लवकर भरते, आधी नोंदवा. उलुरूवर चढणं ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा, पायथ्याभोवती पहाटे चालत फेरी मारा, मन भरतं.

रेडिओ हवाच, यूएचएफ, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी बोलायचा. ट्रकवाले चॅनल ४० वर असतात, चॅनल ५ फक्त संकटासाठी. नॉर्दर्न टेरिटरीत रोड ट्रेन ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. मागून आली तर ‘मी सरळ चाललेय, तुमची बाजू मोकळी आहे’ एवढं बोला आणि ती ओलांडायला बाहेर पडली की वेग थोडा कमी करा. पहाटे आणि संध्याकाळी गाडी चालवू नका, कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात. मेलेल्या जनावरावर गरुड बसलेला दिसला तर वेग कमी करा. तो जड पक्षी, उडायला वेळ घेतो.

संकटात खुणेची आग पेटवण्यापेक्षा पीएलबी हे छोटं यंत्र बरं. ते उपग्रहाला हाक देतं. सरकारकडे त्याची नोंदणी मोफत होते, पण करावी लागते. दोघांच्या औषधांचे दोन महिन्यांचे डोस आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जवळ ठेवा. १९२८ मध्ये सुरू झालेल्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेची विमानं या हायवेच्या काही पट्ट्यांवर उतरतात, रस्त्यावर तशा खुणा रंगवलेल्या दिसतील. आमची मुलगी रोज संध्याकाळी निरोपाची वाट बघते. किती तास निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं, हे तिला लिहून दिलंय. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून पायी निघू नका. माणसापेक्षा गाडी वरून लवकर दिसते. टाकीव्यतिरिक्त माणशी दिवसाला पाच लिटर या हिशेबाने चार दिवसांचं पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा.

स्वयंपाकघरात कुकर पहिला. गॅस वाचतो, पाणीही. मूग डाळ, तांदूळ, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोकम. काचेच्या बरण्या नकोत. मिसळणाच्या डब्याला मी रुंद रबर लावते आणि वर फडका बांधते, कारण लाल धूळ कुठूनही आत शिरते. हळद आणि धूळ एकत्र झाली की ओळखू येत नाही. साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीआधी मात्र टोमॅटो, मिरच्या आणि फळं संपवा. फळमाशीमुळे ती आत नेता येत नाहीत, दंडही होतो. पहिल्या मोठ्या गावात पुन्हा घ्या.

निघायच्या दिवशी, आणि मग रोज सकाळी, एकाने कॅरव्हॅनभोवती चालत नाव घ्यायचं आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. आमच्याकडे एक दिवस हे विचारतात, एक दिवस मी. आज माझी पाळी. अहो, गॅस? बंद. छताच्या खिडक्या? बंद. पायरी? आत. जॉकी व्हील, पुढचं टेकूचं चाक? वर. साखळ्या? फुलीसारख्या आडव्या. दिवे लावते, बघा. डावा, उजवा, ब्रेक. लागले. चाकांखालचे ठोकळे?

काढले. बस गाडीत.