अणू-रेणू शिकवायचेत? मूठभर शेंगदाणे आणि ज्वारी घ्या

सोलापूरच्या पूर्व भागात मी आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट चालू असते, त्यामुळे नुसतं बोलून भागत नाही, हातात काहीतरी द्यावंच लागतं. दरवर्षी एक उत्तर ठरलेलं असतं: "बाई, ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणजे ते संयुग!" मला वाटतं, यात मुलांचा दोष नाही. चार व्याख्या आपण एका दमात पाठ करून घेतो, तिथंच घोटाळा होतो.

खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कण सुटा की जोडलेला? सुटा तो अणू, जोडलेला तो रेणू. पदार्थात अणू एकाच जातीचे की निरनिराळ्या जातींचे जोडलेले? एकाच जातीचे तर मूलद्रव्य, निरनिराळ्या जातींचे तर संयुग. अशा जाती आजवर ११८ माहीत आहेत.

आता मुलाला समोर बसवा. शेंगदाणा म्हणजे ऑक्सिजनचा अणू, ज्वारीचा दाणा म्हणजे हायड्रोजनचा. दोन शेंगदाणे कणकेच्या बारीक गोळीनं चिकटवायला सांगा. हा ऑक्सिजनचा रेणू. लगेच विचारा, "जाती किती?" मूल बोटानं दोन्ही दाणे चाचपतं आणि म्हणतं, "एकच." मग हे मूलद्रव्यच. इथं घाई करू नका, हे त्याच्याच तोंडून येऊ द्या.

मग एका शेंगदाण्याला ज्वारीचे दोन दाणे चिकटवा. झाला पाण्याचा रेणू. जाती दोन, म्हणून संयुग. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या सुमारे १६ पट जड, त्यामुळे १८ ग्रॅम पाण्यात २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन. हे पाणी उजनीचं असो की विहिरीचं, प्रमाण तेच. शेंगाच्या चटणीचं तसं नाही. कुणाच्या घरी लसूण जास्त, कुणाच्या घरी तिखट, आणि कुटल्यावरही लसूण लसूणच लागतो. ते मिश्रण. संयुगात मूळचे गुण उरतच नाहीत. सोडियम सुरीनं कापता येईल इतका मऊ धातू, पाण्याशी गाठ पडली की भडकतो. क्लोरीन विषारी वायू. आणि दोघांचं मिळून होतं ते आपण भाकरीच्या पिठात घालतो ते मीठ.

हुशार मूल असेल तर आणखी एक सांगा. मिठाच्या खड्यात सुटे रेणू नसतातच, विद्युतभारित कण ओळीनं रचलेले असतात. म्हणजे संयुग आहे, पण रेणू नाही. उलट हेलियमचे अणू एकेकटेच फिरतात.

शेवटी तीन शेंगदाणे एकत्र चिकटवून द्या, ओझोन म्हणून, आणि गप्प बसा. "रेणू आहे, पण मूलद्रव्य," असं मूल न अडखळता म्हणालं, की पुढचा धडा उघडा.