सर्व्हर घेण्याआधी टेप घेऊन खोलीत जा

कोटेशन मागवायच्या आधी मोजायची टेप घ्या आणि सर्व्हर जिथे बसणार आहे ती जागा गाठा. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची ही कामं मी करतो. माझ्या अनुभवात प्रोसेसर कमी पडून बंद पडलेले सर्व्हर थोडे, जागेने मारलेले जास्त.

रॅक म्हणजे सर्व्हर बसवायची लोखंडी चौकट. त्यात सर्व्हर बसायची रुंदी सगळीकडे १९ इंच, उंची 'यू'मध्ये आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच. त्यात घोळ नाही. घोळ होतो तो खोलीचा, म्हणजे रॅक मागे किती जातो त्याचा. एका ठिकाणी आम्ही ८०० मिलिमीटरच्या जुन्या रॅकमध्ये नवा सर्व्हर सरकवला. बसला छान, पण मागे केबल लावल्यावर दार लागेना. ते दार आजही भिंतीला टेकून उभं आहे. नवा रॅक घेत असाल तर हजार मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

मग भिंतीपलीकडे काय आहे ते बघा. लूमचं शेड असेल तर तूस येणारच. एका सर्व्हरचं पुढचं झाकण (बेझल) काढलं तेव्हा जाळीवर राखाडी थर होता. बोटाने ओढला तर गोधडीसारखा अख्खा निघून आला. पंखे जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि मालक म्हणत होते, मशीन म्हातारं झालं. खिडक्या सील करून घ्या, दाराला ब्रशची पट्टी लावा आणि जाळी साफ करायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

एसीचा हिशोब सोपा आहे. सर्व्हर जेवढे वॅट खातो तेवढी उष्णता बाहेर टाकतो आणि एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून काढतो. चार सर्व्हर, स्विच, यूपीएस मिळून दोन किलोवॅट धरले तर कागदावर एक टन पुरतो. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो आणि वर पत्रा असेल तर विचारूच नका. दीड टनाचे दोन घ्या आणि आलटून पालटून चालवा. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश हवी. आणि एसीच्या बटणावर 'बंद करू नये' अशी मोठी चिठ्ठी चिकटवा, कारण संध्याकाळी शिपाई सवयीने सगळी बटणं खाली करतो.

विजेसाठी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. दोन पॉवर सप्लायचा सर्व्हर घेऊन दोन्ही पिना एकाच यूपीएसला लावणारे मी पाहिलेत. मग दुसऱ्या सप्लायचे पैसे कशाला मोजले?

आता मशीन. एक यू की दोन यू? नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये जागेचं भाडं मोजून द्यावं लागतं, तिथे एक यू शोभतो. तुमच्या ४२ यूच्या रॅकमध्ये तीन चतुर्थांश जागा रिकामीच राहणार आहे. दोन यू घ्या. पंखे मोठे असतात, आवाज कमी होतो, डिस्कला जागा मिळते.

प्रोसेसरचे कोअर बघताना लायसन्स आधी विचारा. विंडोज सर्व्हरला एका मशीनमागे किमान १६ कोअरचे पैसे भरावेच लागतात आणि कोअर वाढले की बिल वाढतं. रॅम ईसीसीच (स्वतःच्या चुका सुधारणारी) असते, पण पट्ट्या सारख्या वाटून भरा: प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा, म्हणजे चॅनल, आठ असतील तर १६ जीबीच्या आठ, ६४च्या दोन नव्हे. डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क एकत्र जोडायची पद्धत म्हणजे रेड: डेटाबेसला रेड १०, मोठ्या डिस्कच्या फाइल साठ्याला रेड ६. बॅकअप वेगळा, आणि दुसऱ्या इमारतीत.

कोटेशनमध्ये रेल किट (सर्व्हर रॅकमध्ये सरकवायच्या पट्ट्या) आणि रिमोट मॅनेजमेंटचं, म्हणजे दुरून सर्व्हर सांभाळायचं, लायसन्स लिहिलंय का ते शोधा. दोन्ही हमखास 'विसरतात'. जिना अरुंद असेल तर दोन माणसं ठेवा. दोन यूचं भरलेलं मशीन तीस किलोच्या आसपास भरतं.

खोकं आलं की उघडण्याआधी सिरियल नंबर वॉरंटीच्या साइटवर टाका. आमच्या एका गिऱ्हाइकाची डिस्क शुक्रवारी गेली. वॉरंटी 'पुढच्या कामाच्या दिवशी'ची होती, पण पत्ता विक्रेत्याच्या पुण्याच्या ऑफिसचा नोंदलेला. सोमवारी डिस्क वेळेवर पोहोचली, पुण्यात.