चक्क्याच्या पाण्यातला हिरवा उजेड कसा पाहावा

श्रीखंडासाठी चक्का टांगला की खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी गळतं. ते ओतून देऊ नका. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचा. फ्लेविन रेणूंशी, म्हणजे रायबोफ्लेविन आणि त्याच्या भाईबंदांशी, ओळख करून घ्यायला याहून सोपी गोष्ट घरात सापडणार नाही.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च आणा. 365 नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम, 395चाही चालेल. तो कुणाच्याही डोळ्यांवर मारू नका. शिवाय बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी, दोन सारखे काचेचे ग्लास आणि अॅल्युमिनियम फॉइल लागेल.

आधी चक्क्याचं पाणी फडक्यातून गाळून ग्लासात घ्या, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने धरा. पाणी हिरवट-पिवळं उजळेल. रायबोफ्लेविनची अणूंच्या तीन जोडकड्यांची चकती अतिनील आणि निळा प्रकाश शोषते आणि 525 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सोडते. पेशीत याच रायबोफ्लेविनपासून एफएडी हा एन्झाइमांना मदत करणारा रेणू बनतो. तो एन्झाइममध्ये बसला की चमक बहुधा मंदावते, कारण प्रथिनातल्या कड्या चकतीला खेटून असतात. तिथे तिचं काम इलेक्ट्रॉनची देवघेव, कधी दोन एकदम, कधी एकेक. दोन इलेक्ट्रॉन घेतले की पिवळा रंग जातो, ते ऑक्सिजनला दिले की परत येतो. वारबुर्ग आणि ख्रिस्तियान या जर्मन शास्त्रज्ञांनी 1932 मध्ये यीस्टमधून मिळवलेल्या एका फ्लेविन एन्झाइमचं नावच ‘जुनं पिवळं एन्झाइम’ पडलं.

आता गोळी. वरचा रंगीत थर ओल्या फडक्याने पुसून काढा, गोळी कुटून एक लिटर पाण्यात ढवळा, गाळून दोन्ही ग्लास सारखे भरा. एकाला चहूबाजूंनी, वरूनही, फॉइल गुंडाळा. दोन्ही गॅलरीत भर उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आत आणून टॉर्चखाली बघा.

उघड्या ग्लासातला पिवळेपणा उतरत जातो. हिरवी चमक विझते आणि 365चा टॉर्च असेल तर तिच्या जागी फिकट निळी दिसू लागते. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे: उजेडाने चेतवलेली चकती आपल्याच शेपटीतला, म्हणजे तिला जोडलेल्या साखळीतला, हायड्रोजन ओढते आणि शेपटी तुटते. उरतं ते निळं चमकणारं ल्युमिक्रोम. पाण्यात सोडा मात्र घालू नका. अल्कधर्मी पाण्यात ल्युमिफ्लेविन तयार होतं, तेही हिरवट-पिवळंच चमकतं, मग फरक कळणार नाही.

दूधही काचेच्या बाटलीत उन्हात राहिलं तर त्यातलं बी-2 असंच जातं, आणि उजेड शोषलेलं रायबोफ्लेविन दुधाची चवही बिघडवतं.

शेवटी फॉइल सोडा. पिवळ्या पाण्याचा थोडा भाग औषधाच्या रिकाम्या तपकिरी बाटलीत भरा आणि ती या नुकत्याच उघडलेल्या ग्लासाशेजारी उन्हात ठेवा. तपकिरी काच निळा आणि अतिनील प्रकाश अडवते. ग्लास फिका पडेल तेव्हा बाटलीतलं थोडं पाणी काढून टॉर्च मारा.