४० हजारांत लॅपटॉप: दुकानात जाण्याआधीची तयारी

भाचीला बीसीएला प्रवेश मिळाला आणि दाजींचा फोन आला, "चाळीसच्या आत बसवायचंय, काय काय बघू?" फोनवर सांगितलेलं दुकानात पोचेपर्यंत निम्मं विसरतं, म्हणून त्यांना लिहून पाठवलं. तेच थोडं नीट करून इथे देतोय.

आधी पैशांचा हिशोब. खिशात ४० हजार आहेत म्हणजे लॅपटॉपला ४० नाहीत. बॅग, माउस, बॅकअपला एखादी बाहेरची डिस्क, जमल्यास वाढीव वॉरंटी, यासाठी ३ हजार बाजूला काढा आणि ३७ हजार हाच आकडा डोक्यात ठेवा. दुकानदाराने भाव सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, "जीएसटी धरून का?" छोटे डीलर पुष्कळदा "पस्तीस प्लस जीएसटी" म्हणतात. ३५ हजारांवर १८ टक्के म्हणजे ६,३०० रुपये, म्हणजे आपण ४१,३०० वर पोचलो. हप्त्यावर घेणार असाल तर "नो कॉस्ट" म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या योजनेवर फार भाळू नका. बँक व्याज लावतेच, विकणारा तेवढी सूट देतो, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच भरावी लागते.

मग काम काय, ते ठरवा. कॉलेजातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारा, सेल्समनला नको. जावा, पायथन, थोडं डेटाबेस आणि वर्ड-एक्सेल एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नकोच. कॉमर्सवाल्यांनी क्रोमबुक (विंडोजऐवजी गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) स्वस्त दिसतं म्हणून उचलू नये, त्यावर हिशोबाचं टॅली टाकता येत नाही.

आता खरी मेख: रॅम, म्हणजे चालू कामं सांभाळणारी मेमरी. ४ जीबीचा विचारही नको. मी स्वतः एकदा ४ जीबी आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असलेला "ऑफरमधला" लॅपटॉप घेतला होता. सकाळी चालू करून चहा टाकायचो, चहा पिऊन व्हायचा तरी गोल फिरतंच असायचं. ८ जीबी किमान, १६ मिळाली तर डोळे मिटून घ्या. ८ च परवडत असेल तर पुढे वाढवता येईल का, ते तिथेच बघा. डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली स्लॉट किती आणि त्यातले किती वापरलेत ते दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असेल तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. मग मोकळा स्लॉट असल्याशिवाय ती वाढत नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅम चांगलीच महागलीय, त्यामुळे "नंतर टाकू" हे पूर्वीइतकं स्वस्तात होणार नाही. डिस्क एसएसडीच (न फिरणारी, चिपांची) हवी, ५१२ जीबीची. विंडोजमध्ये ती ४७६ च दिसेल, फसवलं म्हणून भांडू नका, ती मोजण्याच्या पद्धतीची भानगड आहे.

प्रोसेसरचा स्टिकर पाहून हुरळायचं नाही, पूर्ण नंबर वाचायचा. इंटेलच्या आय३-१११५जी४ मध्ये दोनच कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, आय३-१२१५यू मध्ये सहा, आणि स्टिकरवर दोन्हीकडे आय३ च. एएमडीच्या रायझनमध्ये तर कमालच आहे: ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्ही "रायझन ५, सात हजार सिरीज". पण या सिरीजच्या रायझन ५ मध्ये तिसरा आकडा आतली रचना सांगतो. २ असेल तर झेन २ ही जुनी रचना, चार कोअर आणि सोल्डर केलेली रॅम. ३ असेल तर झेन ३ आणि सहा कोअर. हे नंबर कागदावर लिहूनच न्या.

स्क्रीन मात्र डोळ्यांनीच बघायची. १९२० बाय १०८० च्या खाली नको. नोटपॅड उघडून पांढरं पान समोर ठेवा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा. रंग काळवंडले किंवा उलटे दिसू लागले तर पॅनल टीएन या स्वस्त प्रकारचं आहे, आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग टिकणारं) मागा. दुकानातल्या झगमगाटात चमक कळत नाही, म्हणून लॅपटॉप दाराजवळ उजेडात नेऊन बघू द्या म्हणायचं. लाजायचं काय त्यात? तिथेच उभ्या उभ्या चार ओळी टाइपही करून बघा.

सेकंडहँडचं म्हणाल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ऑफिसांतून निघालेले दणकट लॅपटॉप मिळतात आणि या बजेटमध्ये ते वाईट नाहीत. पण इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या खालचा नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याखालच्या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता ५० वॅट-अवर आणि आता पूर्ण चार्जला ३० दिसत असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्या.

बिल पक्कं, त्यावर सीरियल नंबर, आणि तो खोक्यावरच्या आणि लॅपटॉपखालच्या नंबराशी जुळलेला. ऑनलाइन मागवलात तर खोकं फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. वॉरंटी ऑनसाइट आहे की मशीन घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं, तेही विचारून ठेवा.

आणि दाजी, तुमच्या जुन्या घरात सॉकेटला भोकं तीन आहेत, पण अर्थिंगची वायर जोडलेली आहे का? नसेल तर धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला झिणझिण्या येतात आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालत सुटतो. वायरमनला आधी बोलवा.