गाइता आणि सिंथ एकत्र आणताय? मग या चुका टाळा

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याकडची कुंबिया (तिथलं नाचाचं लोकसंगीत) आणि इलेक्ट्रॉनिक बीट हे कॉम्बिनेशन मला मनापासून आवडतं. म्हणूनच, चांगली गाइता (तिथली लांब बासरी) रेकॉर्ड झालेली असताना ट्रॅक लॅपटॉपवर मरतो तेव्हा वाईट वाटतं. त्यात बहुतेक वेळा चुका ठरलेल्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक सुरांची. गाइता म्हणजे कार्दोन नावाच्या निवडुंगाच्या पोकळ दांड्याची लांब बासरी, वरचं डोकं मेण आणि कोळशाच्या पुडीचं आणि फुंकायला पक्ष्याच्या पिसाची नळी. हाताने केलेली असते, त्यामुळे ती ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर लागलेली असेलच असं नाही, आणि वाजवून वाजवून गरम झाली की सूर थोडा चढतोही. आता लोक काय करतात, सिंथ (सिंथेसायझर) आहे तिथेच ठेवतात आणि गाइतावर पिच करेक्शन (सूर आपोआप सुधारणारं सॉफ्टवेअर) लावतात, मग ती प्लास्टिकच्या खेळण्यासारखी ऐकू येते. उलटं करा. वादकाला आधी पाच-दहा मिनिटं वाजवू द्या, मग एक लांब सूर घ्या, ट्युनरवर किती सेंटचा (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक आहे ते बघा आणि सिंथचा फाइन ट्यून तेवढा हलवा. तरीही एखादा सूर खटकला तर त्या जागी सिंथची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) काढून नुसता एकच खालचा सूर धरून ठेवा. गाइताची जोडी असते ना, एम्ब्राला पाच भोकं आणि ती धून वाजवते, माचोला दोनच आणि ती खालून साथ देते (माचोवाला दुसऱ्या हाताने माराका, म्हणजे खुळखुळाही वाजवत असतो!), म्हणजे ही सोय परंपरेतच आहे.

दुसरी चूक तालाची, आणि ही कळायला मला स्वतःला खूप वेळ लागला. कुंबियात यामादोर नावाचा छोटा ढोल असतो, तो सतत एकच ठोका देत राहतो, त्यामुळे नवीन माणूस त्यालाच पहिला बीट समजतो आणि किक (इलेक्ट्रॉनिक बीटमधला जड ठोका) त्याच्यावर ठेवतो. पण तो ऑफबीट आहे, म्हणजे दोन बीटच्या मधोमध पडतो! तोंडाने ‘एक आणि दोन आणि’ मोजा, यामादोर ‘आणि’वर पडला पाहिजे. किक आणि यामादोर एकत्र वाजत असतील तर सगळे ढोल अर्धा बीट सरकवून बघा, गाणं एकदम चालायला लागतं.

आणि क्वांटाइझ (सॉफ्टवेअरने ठोके अचूक जागी बसवणं), प्लीज, शंभर टक्के नको. आलेग्रे हा यामादोरपेक्षा मोठा ढोल हाताने वाजतो, त्याच्या ठोक्यांमधलं मागेपुढे होणं हीच त्याची चाल आहे. वार्प मार्कर (रेकॉर्डिंग तालाला बांधायच्या खुणा) फक्त प्रत्येक बारच्या, म्हणजे आवर्तनाच्या, सुरुवातीला लावा, मधलं तसंच राहू द्या, आणि हवं तर तुमची हाय-हॅट (झांजेचा आवाज) आलेग्रेच्या ठोक्यांप्रमाणे सरकवा.

खालचा आवाज गढूळ होतोय? ताम्बोरा (कुंबियातला सगळ्यात मोठा ढोल) आणि किक एकाच जागेसाठी भांडतायत. दोघांपैकी एकच ठेवा, किंवा किक छोटी आणि कोरडी करा, आणि बेसचं साइडचेन (एक आवाज वाजला की दुसरा आपोआप हळू होणं) किकऐवजी ताम्बोरावर लावा.

गाइतातला फूं आवाज नॉइझ गेटने (हळू आवाज गाळणारं साधन) कापू नका, सूर त्या हवेतच असतो. फार होत असेल तर माइक पिसाच्या नळीपासून दूर, बोटांच्या बाजूला एक-दीड फुटावर न्या.

अजून एक, ‘लॅटिन’ म्हणून सगळं एकाच भांड्यात टाकू नका. सिकू हा अँडीज डोंगरातला पावा, कुंबियाच्या किनाऱ्यावरचा नाही. वापरायचाच असेल तर नीट वापरा. त्याचे इरा आणि आर्का असे दोन भाग असतात, दोन माणसं आलटून पालटून सूर देतात आणि धून दोघांत मिळून पूर्ण होते. कीबोर्डवर एका हाताने वाजवलेला प्रीसेट म्हणूनच सपाट लागतो. धून दोन ट्रॅकवर वाटा, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि एकाचा सूर संपण्याच्या किंचित आधी दुसऱ्याचा सुरू होऊ द्या.

सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा) उचलण्याबद्दल मात्र मी कडक आहे. कोलंबियातल्या सान हासिंतो गावच्या गाइतेरोंना (गाइता वाजवणाऱ्यांच्या गटाला) २००७ मध्ये लॅटिन ग्रॅमी मिळालं, ही जिवंत माणसांची जिवंत कला आहे. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा घेताय तर आधी परवानगी घ्या, आणि वादकाला बोलावून रेकॉर्ड करताय तर पैसे आधी ठरवा आणि क्रेडिटमध्ये नुसतं ‘पारंपरिक’ न लिहिता एम्ब्रा कोणी वाजवली, आलेग्रे कोणी वाजवला ते नावानिशी लिहा.